आकडा आधी सांग, तिकीट मग काढ

पत्र : ताई, मी बेळगावच्या वडगावात राहते. खडेबाजारातल्या एका कापड दुकानात हिशेबाचं काम बघते, पगार १४ हजार. बाबांचे घरी दोन माग आहेत. आम्ही चौघी मैत्रिणी पहिलीपासून एकाच मराठी शाळेत. आता एक बेंगळुरूला आयटीत आहे, एक इथंच बँकेत, एक लग्न होऊन निपाणीला गेली. यंदा नाताळच्या सुट्टीत चौघींनी मुंबईला जायचं ठरलंय, २४ डिसेंबर ते १ जानेवारी. बेंगळुरूच्या मैत्रिणीनं समुद्रासमोरचं हॉटेल बघून ठेवलंय, माणशी २५ हजार खर्च सांगते. ग्रुपवर सगळ्यांनी लगेच होकार दिला, मीही दिला. तेव्हापासून झोप लागत नाही. भिशी उचलू का? की ऐनवेळी बरं नाही म्हणून कळवू? घरी विचारायची सोय नाही. बाबा म्हणतील, "संगतीला गडी माणूस कोण नाही, चौघी पोरीच काय जाताय?" म्हणून कोल्हापूरला मावशीकडं जाते असं सांगून निघावं, असं डोक्यात आहे. निपाणीच्या मैत्रिणीनंही सासरी अजून काही सांगितलेलं नाही. मी २६ वर्षांची झाले, पण पुण्याच्या पुढं कधी गेले नाही. मुंबई बघायची फार इच्छा आहे. आणि तिकडं डिसेंबरात स्वेटर लागतो का, तेवढंही सांगा. – एक वाचक, वडगाव

उत्तर : पोरी, तू मुंबईला जावंस असं मला मनापासून वाटतं. पुढं लग्नं, बाळंतपणं, बदल्या सुरू झाल्या की चार मैत्रिणींच्या सुट्ट्या एका आठवड्यात जुळवणं किती अवघड होतं, हे तुला निपाणीच्या मैत्रिणीकडं बघून कळत असेलच. म्हणून ऐनवेळी आजारी पडायचा बेत आधी डोक्यातून काढून टाक. त्यात तुझं जाणं हुकेल, बाकीच्यांच्या खोलीचा हिशेब बिघडेल, आणि खरं कारण कुणालाच न कळल्यामुळं पुढच्या वेळीही तुझ्यासमोर २५ हजारांचाच बेत येईल.

तुझी झोप उडालीय ती मुंबईमुळं नव्हे. ग्रुपवर तू 'हो' लिहिलंस पण आकडा लिहिला नाहीस, तिथं सगळं अडलंय. बेंगळुरूच्या मैत्रिणीला तुझा पगार माहीत असेलच असं नाही. माहीत असला तरी तिच्या हिशेबात २५ हजार म्हणजे काय आणि तुझ्या हिशेबात काय, हे तिला आपणहून सुचणार नाही. तिला दोष देऊ नकोस. तिनं हौसेनं हॉटेल शोधलं, चौघींना धरून शोधलं. तिला तुझी मर्यादा सांगणं हे तुझं काम आहे, आणि ते तिकिटं निघायच्या आधी, याच आठवड्यात झालं पाहिजे.

ग्रुपवर मात्र लिहू नकोस. ग्रुपवर असं काही टाकलं की बाकीच्या दोघी गप्प बसतात आणि जिनं बेत आखला तिला चारचौघांत पाडल्यासारखं होतं. तिला फोन कर. लांबण लावायची गरज नाही. "मला यायचंच आहे. पण माझ्याच्यानं साडेसात हजारांच्या वर होणार नाही. तेवढ्यात बसेल असं आपण आखलं तर मी तुझ्यासोबत बसून सगळं ठरवते. तुम्हाला मोठंच हॉटेल हवं असेल तर तुम्ही जा, माझा राग नाही." एवढंच. पगाराचं रडगाणं नको, माफी नको. माझा अनुभव असा, की एकीनं आकडा उच्चारला की दुसरी लगेच म्हणते, "बरं झालं गे बोललीस." बँकेतल्या मैत्रिणीच्या डोक्यावर घराचा हप्ता असेल, निपाणीच्या मैत्रिणीला तर प्रत्येक रुपया सासरी सांगून उचलावा लागत असेल. चौघींत जिची पिशवी सगळ्यात लहान, तिच्या मापानं सहल ठरवावी, हे माझं ठाम मत आहे. ज्यांच्याकडं जास्त आहे त्यांनी तिथं जाऊन हवी तेवढी खरेदी करावी. खोली, प्रवास आणि जेवण मात्र चौघींना पेलेल असंच असावं.

ती कदाचित म्हणेल, "तुझे मी भरते." मग काय करायचं, हेही आधी ठरवून ठेव. सगळा खर्च तिला करू देऊ नकोस, कारण मग कुठं जेवायचं, कुठं फिरायचं यात तुझं तोंड उघडणार नाही. पण एखादं जेवण, नाटकाचं एक तिकीट ती प्रेमानं देत असेल तर मोकळेपणानं घे. उसने म्हणून घेऊ नकोस. मैत्रिणीचे उसने पैसे फेडेपर्यंत दोघींनाही फोन करताना अडखळायला होतं.

भिशीला हात लावू नकोस. लिलावाची भिशी असेल तर लवकर उचलणाऱ्याच्या हातात कमी पडतं, आणि पुढचे हप्ते भरावेच लागतात. घरात मागाचा धंदा आहे. सुताचा भाव चढला किंवा मजुरी थकली की ही भिशीच उपयोगी पडते, हे तू लहानपणापासून बघत आली असशील.

आता साडेसात हजारांत मुंबई बसते का? बसते, पण नऊ दिवसांची नाही. २३ च्या संध्याकाळी निघा, २६ च्या रात्री परतीच्या गाडीत बसा. तीन पूर्ण दिवस, दोन मुक्काम. हुबळी–दादर एक्स्प्रेस संध्याकाळी बेळगाव सोडते आणि पहाटे दादरला उतरवते. स्लीपरचं भाडं ४०० च्या आत-बाहेर, थर्ड एसीचं हजाराच्या आसपास. दादर भागातल्या साध्या, स्वच्छ लॉजमध्ये चौघींची एक खोली सुट्टीच्या दिवसांत रात्रीला चार-पाच हजार धरा, म्हणजे दोन रात्रींचे माणशी अडीच हजारांपर्यंत. जेवणखाणाला रोजचे ६००, लोकल-बस-टॅक्सीला तीन दिवसांचे ६००, एका नाटकाचे ४००-५००. स्लीपरनं गेलात तर सगळं मिळून साडेसहाच्या आत बसतं, आणि वरचे हजार अडीअडचणीला राहतात.

३१ डिसेंबर मुंबईत काढू नका, हे मी आग्रहानं सांगते. त्या आठवड्यात खोल्यांचे दर वर चढलेले असतात आणि शेवटच्या दोन दिवसांत तर विचारूच नका. मरीन ड्राइव्ह आणि गेटवेला त्या रात्री मुंगीला वाट मिळत नाही. पोलीस रस्ते वळवतात, टॅक्सी मिळत नाही. रेल्वे दरवर्षी मध्यरात्रीनंतर जादा लोकल सोडते, पण पहिल्यांदाच मुंबईत आलेल्या चौघींनी रात्री दीड-दोन वाजता त्या गर्दीत शिरावं असं मला वाटत नाही. सिद्धिविनायकालाही १ जानेवारीला रांग फार लांब जाते. त्यापेक्षा वर्षअखेर घरी या, आणि बेळगावच्या कॅम्पात ओल्डमॅन, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, जाळतात तो चौघींनी मिळून बघा. वांद्र्यातली पोरंही असाच म्हातारा करून बसवतात, तो तुम्हाला २५ तारखेला तिथं दिसला तर बघा.

तिकिटाचं काम तू अंगावर घे. जिच्या मापानं खर्च कमी केला, तिनं कष्ट थोडे जास्त उचलले की तुझ्याही मनावरचं ओझं हलकं होईल. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे २३ डिसेंबरच्या गाडीचं २४ ऑक्टोबरला आणि २६ च्या परतीचं २७ ऑक्टोबरला, सकाळी ८ वाजता. आयआरसीटीसीच्या खात्याला आधार आधीच जोडून घे, कारण बुकिंग उघडताच पहिल्या वेळेत आधार पडताळलेल्या खात्यांनाच तिकीट काढता येतं. स्लीपर डब्यात एकट्या किंवा नुसत्या बायकांच्या गटासाठी सहा बर्थचा लेडीज कोटा असतो, तोही बघ. चौघींना तो लागू पडतो. वेटिंगवर विसंबू नका. ऑनलाइन काढलेलं वेटिंगचं तिकीट चार्ट लागेपर्यंत कन्फर्म झालं नाही तर आपोआप रद्द होतं, आणि मग ऐनवेळी खासगी स्लीपर बसवाले सुट्टीचे दर लावून तयारच असतात.

मी रेल्वेचं एवढं का धरून बसलेय, हे आपल्या भागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. डिसेंबर म्हणजे बेळगावच्या सुवर्णसौधमधल्या कर्नाटक विधिमंडळाच्या अधिवेशनाचा महिना. सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं की राज्याच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर सगळ्यात आधी बस अडकतात. २०२२ च्या डिसेंबरात दोन्हीकडच्या बस बंद पडल्या तेव्हा किती जणांचे हाल झाले ते आठव. बसनं कोल्हापूर गाठून पुढं जायचा बेत त्या दिवसांत ठेवूच नका. कर्नाटकातल्या बायकांसाठीच्या शक्ती योजनेची मोफत बसही राज्याच्या आतच, आणि एसटीतलं बायकांचं अर्धं तिकीट महाराष्ट्राच्या हद्दीतच. मुंबईच्या हिशेबात त्यातलं काही धरू नका. निपाणीच्या मैत्रिणीला तिथून रेल्वे नाही. तिनं आदल्या दिवशीच माहेरी बेळगावला यावं आणि तुमच्याच डब्यात बसावं. बेंगळुरूची राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं घरी येईल, आईवडिलांना भेटेल, मग चौघी मिळून निघाल.

आता मावशीचं. कोल्हापूरला जाते म्हणून सांगून मुंबईला जाऊ नकोस. संध्याकाळच्या दादर गाडीला बेळगाव स्टेशनवर वडगाव-शहापूरचं कोणी ना कोणी असतंच, बातमी घरी पोचायला गाडी मिरजेला जाईपर्यंतसुद्धा वेळ लागणार नाही. पण माझी काळजी पकडलं जाण्याची नाही. खोटं सांगून गेलीस आणि तिथं पाकीट मारलं गेलं, कुणाला ताप आला, मुक्कामाच्या जागी काही गडबड झाली, तर पहिला फोन जिथं करायचा त्या घरालाच तू फोन करू शकणार नाहीस. शिवाय मावशीला तिच्या बहिणीशी खोटं बोलावं लागेल, ते निराळंच. चौघी बायका अनोळखी शहरात जाताय, तर घरी पूर्ण ठावठिकाणा माहीत असणं ही तुमच्या सुरक्षेची पहिली गोष्ट आहे.

आधी आईशी बोल. स्वयंपाकघरात, बाबा मागावर असताना. एका कागदावर गाडीचं नाव, लॉजचा पत्ता आणि फोन, चौघींचे नंबर, जायची-यायची तारीख लिहून दे. तिकीट निघालं की पीएनआर त्यात भर. हातात कागद असला की आईला बाबांशी बोलायला बळ येतं. बाबांना मग तू स्वतः सांग. 'जाऊ का' असं विचारू नकोस आणि 'मी जाणारच' असं ठणकावूही नकोस. "माझे पैसे, माझी रजा, हे सगळं असं ठरवलंय, तुम्हाला यात काय खटकतं ते सांगा," असं म्हण आणि मग गप्प बसून ऐक. गडी माणूस संगतीला नाही, याच्या मागं लोक काय म्हणतील ही धास्ती असू शकते, किंवा खरोखरच रात्रीच्या प्रवासाची भीती असू शकते. दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत. प्रवासाची भीती असेल तर लेडीज कोटा, रेल्वेचा १३९ आणि पोलिसांचा ११२ हे नंबर, रोज सकाळ-संध्याकाळ फोन, एवढ्यानं बाबांच्या जिवाला बराच धीर येईल. लोकांचं असेल तर आईला बोलू दे. एवढं करूनही ते अडून बसले, तर या नाताळला भांडून निघू नकोस. जानेवारीच्या मध्यावर जा. तेव्हा खोल्या स्वस्त होतात, तिकिटंही मिळतात, आणि एकदा नीट सांगितलेली गोष्ट दुसऱ्यांदा सांगताना तुझा आवाजही ठाम असेल. मैत्रिणींना हे आधीच कळवून ठेव.

निपाणीच्या मैत्रिणीवर मात्र कुणीही दबाव आणू नका. ग्रुपवर "काय गे, सासूला घाबरतेस?" असली थट्टा तर अजिबात नको. तिला तू एकटीनं विचार, "तुझं घरी बोलणं कसं व्हायचं, माझी काही मदत होईल का?" नवऱ्याला घेऊन येते म्हणाली, तर ती सहल वेगळी होते. चौघींची एक खोली मोडते, हिशेब बदलतो. तसं तिला प्रेमानं स्पष्ट सांगा. ती नाहीच आली तर तिघींच्या हिशेबानं खोली पुन्हा बघावी लागेल, म्हणून तिचं उत्तर २४ ऑक्टोबरच्या आत हवं.

लॉज ठरवताना फोनवर तीन गोष्टी विचारा : करासकट चौघींचे एकूण किती, रात्री दार किती वाजता लावतात, आणि आगाऊ पैसे परत मिळतात का. दाराची वेळ महत्त्वाची, कारण २४ च्या रात्री तुम्ही उशिरा परतणार. इंटरनेटवर सापडलेल्या नंबरवर कोणी क्यूआर कोड पाठवून "आत्ताच पूर्ण भरा" म्हणालं तर ठेवून द्या. सुट्टीच्या दिवसांत हॉटेलच्या नावानं फसवणारे पुष्कळ असतात. आधार कार्ड चौघींनी अस्सल जवळ ठेवायचं. त्यावर मराठी नसून कन्नड आहे, याची काळजी करू नका, इंग्रजी असतंच आणि त्यानं भागतं.

आणि मुंबई. मला तुझ्याइतकंच हे लिहायला आवडतंय. २४ ला पहाटे उतरून आंघोळ करा, दोन तास झोपा. दुपारी क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा फुले मंडई, बघा. नाताळचे कंदील, चांदण्या, झाडं यांनी तो भाग भरलेला असतो. संध्याकाळी गिरगावात खोताच्या वाडीत जा. लाकडी जिने आणि ओट्यांची जुनी घरं, दारोदार चांदण्या. लोक तिथं राहतात, तेव्हा आवाज कमी आणि कुणाच्या ओट्यावर चढून फोटो नको. मुंबईचे मूळ ख्रिस्ती, ज्यांना ईस्ट इंडियन म्हणतात, त्यांची बोली मराठीच आहे. कान देऊन ऐकलंत तर ओळख पटेल. रात्रीच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, जायचं असेल तर दादरच्या पोर्तुगीज चर्चसारखं मुक्कामाजवळचं चर्च धरा, वेळ दुपारीच विचारून ठेवा. काही ठिकाणी मराठीतही मिस्सा होतो. खांदे झाकलेले असावेत, मागं बसावं, प्रार्थना चालू असताना मोबाइल बाहेर काढू नये. परमप्रसाद घ्यायला लोक रांगेनं पुढं जातात तेव्हा तुम्ही जागेवर थांबायचं. कॅम्पातल्या चर्चमध्ये गेलेली असशील तर हे तुला नवीन नाही.

२५ ला वांद्रे. माउंट मेरी चर्चला चालत चढा, हिल रोडवर फिरा, संध्याकाळ समुद्राकाठी काढा. (माउंट मेरीची मोठी जत्रा सप्टेंबरात असते, नाताळला ती शोधू नका.) रिक्षा तुम्हाला वांद्र्यापासून उत्तरेलाच मिळतील, दादर, गिरगाव, फोर्ट या भागात रिक्षा चालत नाही, तिथं टॅक्सी किंवा बस. लोकलमध्ये बायकांच्या डब्यातच चढा, सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ टाळा. दादरहून फोर्टला जायला आता भुयारी मेट्रोही आहे, गर्दीची भीती वाटली तर ती बरी.

२६ ला फोर्ट. सीएसएमटीची इमारत आतून-बाहेरून बघा, मग चालत हुतात्मा चौकात जा. संयुक्त महाराष्ट्रासाठी गेलेल्या माणसांचं ते स्मारक आहे, आणि १७ जानेवारीला आपल्या हुतात्मा चौकात फुलं वाहिली जातात ती त्याच लढ्यातल्या बेळगावच्या माणसांसाठी. तिथून बाबांना फोन कर. मुंबईत काय ठेवलंय, असं ते म्हणत असतील तर त्यांच्याशी बोलायला याहून चांगली जागा नाही. घारापुरीच्या लेण्यांना जायचं मनात असेल तर लेणी सोमवारी बंद असतात हे लक्षात ठेव, आणि तीन दिवसांत तिथं जाऊन यायला अर्ध्याहून जास्त दिवस जातो, म्हणून मी तरी यावेळी सोडून देईन. त्याऐवजी दादरच्या शिवाजी मंदिरात दुपारचा प्रयोग मिळतो का बघा. इथं वर्षातून मोजकी नाटकं येतात, तिथं सुट्टीत दिवसाला दोन-दोन प्रयोग लागतात. नाटक सुटलं की जेवून, लॉजवरचं सामान उचलून स्टेशन. सगळं दादरलाच, म्हणून मी मुक्काम तिथंच सुचवला.

खाण्याचं थोडक्यात : जाताना रात्रीच्या गाडीसाठी चपात्या आणि शेंगाचटणी घरून न्या, पाव किलो कुंदा बरोबर ठेवा. बाकी दादरला पोटभर मराठी जेवण जागोजागी मिळतं.

स्वेटरचं विचारलंस. मुंबईत डिसेंबरातही दुपारी घाम येतो, आपल्यासारखा गारठा तिथं नाही. पण मिरज सोडल्यानंतर रात्री स्लीपरच्या खिडकीतून वारा बोचतो, तेव्हा एक स्वेटर आणि अंगावर घ्यायला शाल ठेव. चप्पल नवी घेऊ नकोस, पायात मुरलेलीच घाल. रोज आठ-दहा किलोमीटर चालणं होईल.